आधी बाग, मग बाई

बिस्किटांच्या डब्यावर शोभणारं चित्र, अशी व्हिक्टोरियन बागचित्रांची टिंगल नेहमीची. गुलाबाची कमान, खाली झुळझुळीत झग्यातली उदास बाई, हातात पत्र नाहीतर कोमेजलेलं फूल, मागे विटांची भिंत. टिंगल अगदीच खोटी नाही, असला गोड माल इंग्लंडमध्ये तेव्हा ढिगाने निघाला. पण त्यातल्या चांगल्या चित्रापुढे उभं राहिल्यावर बाईच्या चेहऱ्याकडे आधी बघू नये. तिच्या खांद्याची कड जिथे पानांना भेटते, तिथे बघावं. तिथे बहुतेक वेळा एक बारीक सांधा सापडतो. पानं एका उजेडात रंगलेली असतात, बाई दुसऱ्याच. बाग आधी झालेली असते, बाई चार-सहा महिन्यांनी, दुसऱ्या जागी.

हे वेळापत्रक ठरवलं होतं लंडनच्या रॉयल अकॅडमीने. तिचं वार्षिक प्रदर्शन मे महिन्याच्या सुरुवातीला उघडे आणि चित्रं एप्रिलमध्ये पोचती करावी लागत. म्हणजे इंग्लंडमध्ये बाग फुललेली असायची तेव्हा मुदत सहज वर्षभर लांब, आणि मुदत जवळ यायची तेव्हा बाहेर चिखल आणि चार वाजताचा अंधार. मग चित्रकार जूनपासून ऑक्टोबरपर्यंत झुडपांसमोर बसत, कॅनव्हासवर माणसाच्या आकाराची जागा कोरी सोडत आणि हिवाळ्यात स्टुडिओत मॉडेल बसवून ती भरत. याचं सगळ्यांना ठाऊक असलेलं उदाहरण म्हणजे जॉन एव्हरेट मिले या चित्रकाराचं ‘ऑफिलिया’, ‘हॅम्लेट’मधली पाण्यात बुडणारी नायिका. ते घरगुती चित्र नव्हे, पण पद्धत हीच. १८५१च्या उन्हाळ्यापासून नोव्हेंबरपर्यंत तो सरेतल्या यूएलजवळच्या हॉग्समिल नदीकाठी बसला. मॉडेल एलिझाबेथ सिडल त्यात आली ती नंतर, लंडनच्या घरातल्या टबात. टबाखालचे दिवे विझले, पाणी गार पडलं आणि ती आजारी पडली, ही गोष्ट सगळे सांगतात. त्याच चित्रात वेगवेगळ्या महिन्यांची फुलं एकाच वेळी उमलली आहेत, हे मात्र कमी जण सांगतात. पाच महिने एकाच काठावर बसल्यावर दुसरं काय होणार?

आर्थर ह्यूजच्या ‘द लाँग एंगेजमेंट’मध्ये तर बागेचं हे थोरलेपण अगदी उघडं पडतं. ह्यूजने ते १८५३ साली उघड्यावर सुरू केलं तेव्हा विषय शेक्सपिअरचा होता, झाडावर प्रेयसीचं नाव कोरणारा ऑर्लँडो. १८५५ मध्ये अकॅडमीने चित्र नाकारलं. ह्यूजने माणसं खरवडून काढली आणि झाड, जंगली गुलाब, आयव्ही तसंच ठेवलं. मग त्याच झाडाखाली एक गरीब पाद्री आणि त्याची वाट बघून थकलेली वाग्दत्त वधू उभी केली. पगार कमी, म्हणून लग्न लांबलेलं. खोडावर एकेकाळी कोरलेलं ‘एमी’ हे नाव आता आयव्हीने अर्धवट झाकलंय. १८५९ मध्ये ते चित्र लागलं. लांबलेल्या लग्नाची गोष्ट सहा वर्षं लांबलेल्या चित्रातून सांगायचा बेत त्याने आखला नसणार, पण हिरवळ इतक्या मेहनतीची होती की माणसं बदलणं स्वस्त पडलं, हे उघड आहे.

आता ती मेहनत कसली, ते जवळून बघू.

आधीच्या पिढीचे चित्रकार कॅनव्हासला तपकिरी नाहीतर राखाडी अस्तर देत आणि अंधारातून उजेडाकडे येत. सावल्यांत बिट्युमेन, म्हणजे सरळ शब्दांत डांबर, सर्रास वापरत. लावताना ते सुंदर गडद, मधासारखं दिसतं. पण ते कधी पुरतं वाळत नाही. वरचा थर वाळून आक्रसतो, खालचा मऊच राहतो, आणि काही वर्षांत सावल्यांना मगरीच्या पाठीसारख्या रुंद भेगा पडतात. संग्रहालयात त्या काळातल्या एखाद्या चित्राचा काळा भाग असा फाटलेला दिसला, तर पहिला संशय डांबरावर घ्यावा.

१८४८ साली एकत्र आलेल्या प्री-रॅफेलाइट मंडळींनी, म्हणजे विल्यम होल्मन हंट, मिले आणि त्यांच्या तरुण चित्रकार मित्रांनी, हे उलटं केलं. पक्कं, गुळगुळीत पांढरं अस्तर घ्यायचं, म्हणजे पातळ रंगातून आत गेलेला उजेड पांढऱ्यावर आपटून परत येतो. त्यावर हंट आणि मिले यांनी काही भागांसाठी, विशेषतः फुलं, उन्हातली त्वचा आणि झगझगीत कापड यांसाठी, ओल्या पांढऱ्यावर रंगवायची युक्ती वापरली. हंटने ती पुढे लिहून ठेवली आहे. साधारण अशी:

वाळलेल्या पांढऱ्या अस्तरावर आधी बारीक रेखाटन पूर्ण करायचं. मग घट्ट सफेदा घेऊन त्यातलं जास्तीचं तेल टिपकागदाने शोषून घ्यायचं आणि त्यात व्हार्निशचा अगदी थेंबभर अंश मिसळायचा. आज जेवढं रंगवून संपेल तेवढ्याच जागेवर हा सफेदा पातळ पसरायचा आणि ठोकून ठोकून इतका विरळ करायचा की खालची रेघ पुसट दिसत राहील. त्यावर बारीक सेबल ब्रशने, हलक्या हाताने, पातळ रंग ठेवायचे. ठेवायचे म्हणजे अक्षरशः ठेवायचे, घासायचे नाहीत.

घासलं की खालचा सफेदा वर येतो आणि रंग खडूसारखा फिका, मळलेला होतो. लाल गुलाब गुलाबी होतो, गुलाबी गुलाब दह्यासारखा. सफेदा जाड बसला तर ब्रश घसरतो. तेल नीट टिपलं नाही तर रंग खाली बुडतो. आणि जागा जास्त घेतली, संध्याकाळपर्यंत अर्धीच झाली, तर दुसऱ्या दिवशी ओलं-वाळलं यांच्या सीमेवर रेघ दिसते, ती खरवडून पुन्हा सुरुवात. ओल्या गिलाव्यावर भित्तिचित्र काढणाऱ्यालाही अशीच रोजच्या रोज जागा आखून घ्यावी लागते, फक्त तिथे हातभर भिंत असते, इथे एखादी पाकळी. म्हणून ही चित्रं आकाराने लहान असूनही महिनोन्‌महिने चालत. मिलेचं ‘मरियाना’ साठ सेंटिमीटर उंचीचंसुद्धा नाही.

बाहेर बसणं शक्य झालं ते धातूच्या दाबनळीमुळे. जॉन रँड या अमेरिकन चित्रकाराने तिचं पेटंट १८४१ मध्ये घेतलं. त्याआधी तेलरंग डुकराच्या मूत्राशयाच्या थैल्यांत येत. टाचणीने भोक पाडून रंग काढायचा, आणि ते भोक पुन्हा नीट बंद कधी होतच नसे. रंग आत वाळे, नाहीतर थैली फुटे.

हिरव्यांची गोष्ट आणखी बरी. बागेसाठी सगळ्यात झगझगीत हिरवा म्हणजे एमराल्ड ग्रीन, तांबं आणि आर्सेनिक यांचं संयुग. तोच रंग भिंतीच्या कागदांत, झग्यांत आणि टोप्यांवरच्या कापडी पानांतही जाई. १८६१ मध्ये लंडनला कृत्रिम पानाफुलांवर ही भुकटी शिंपडणारी १९ वर्षांची मुलगी त्या विषाने मेली आणि वर्तमानपत्रांत बरीच ओरड झाली. बागेतल्या बाईच्या टोपीवर हिरवीगार पानं दिसली की ती मुलगी आठवावी. कॅनव्हासवर मात्र हा रंग तेलात बंदिस्त, टिकाऊ आणि उन्हातल्या पानाच्या जवळ जाणारा. बाकी पानं पिवळा आणि निळा मिसळून होत. त्यातला पिवळा वनस्पतिजन्य ‘लेक’ (पांढऱ्या भुकटीवर चढवलेला झाडापानांचा रंग) असला, तर तो उजेडाने उडतो आणि मागे निळसर झाडं उरतात. जुन्या चित्रांत कुरणं उगाच निळी दिसतात ती यामुळे. गुलाबांची आणि गालांची गुलाबी मंजिष्ठेच्या ‘लेक’ची, तीही पातळ लावली की फिकट होते. रंगवाल्यांच्या भेसळीने हंट इतका वैतागला होता की १८८० मध्ये त्याने सोसायटी ऑफ आर्ट्समध्ये त्यावर व्याख्यान दिलं. नारिंगी व्हर्मिलियनमध्ये शिशाची भेसळ निघाली होती आणि चित्रातला तो भाग काळवंडला होता.

एवढ्या कष्टाने रंगवलेली फुलं लोक खरोखर तपासत. १८५० च्या उन्हाळ्यात मिले आणि त्याचा मित्र चार्ल्स ऑलस्टन कॉलिन्स ऑक्सफर्डला होते. कॉलिन्सने विद्यापीठाच्या छापखान्याचे प्रमुख टॉमस कोम यांच्या बागेत ‘कॉन्व्हेंट थॉट्स’ सुरू केलं. उंच भिंतीआडची बाग, कडेला पाणी, कमळं, लिली आणि मधे हातात कृष्णकमळासारखं पॅशन फ्लॉवर धरलेली तरुण जोगीण. जोगीण अर्थातच नंतरची, लंडनमधली. पुढच्या वर्षी समीक्षक या मंडळींवर तुटून पडले तेव्हा कलासमीक्षक जॉन रस्किनने ‘टाइम्स’ला पत्र लिहून ज्या गोष्टींची बाजू घेतली, त्यांत त्या चित्रातली अ‍ॅलिस्मा प्लँटागो ही पाणवनस्पती होती. जोगिणीच्या भक्तीबद्दल त्याला फारसं प्रेम नव्हतं, पण वनस्पती बरोबर होती. मला विचाराल तर चित्रही तिथेच फसलंय: पाकळीन्‌पाकळी जिवंत आणि जोगीण कागदातून कापून चिकटवलेली. तिची सावली गवतावर जशी पडायला हवी तशी पडतच नाही.

चिकटवल्यासारखं का दिसतं? बागेत उजेड सगळीकडून येतो. आकाश निळं टाकतं, गवत खालून हिरवं टाकतं, विटा तांबूस टाकतात. हनुवटीखाली, नाकपुडीखाली, पांढऱ्या बाहीच्या आतल्या बाजूला हिरवी झाक हवी. स्टुडिओत उत्तरेची एकच खिडकी. चेहऱ्याची एक बाजू उजळ, दुसरी तपकिरी. हा चेहरा बागेत ठेवला की तो पाहुणा वाटतो. चांगले चित्रकार यातून वाट काढत: बाईला कमानीखाली, लतामंडपात, दारात उभं करत, म्हणजे एकाच बाजूचा उजेड शोभून जातो. ह्यूजच्याच ‘एप्रिल लव्ह’मध्ये जांभळ्या झग्यातली मुलगी आयव्हीच्या मंडपाच्या तोंडाशी आहे आणि तिच्या हातावर झुकलेला प्रियकर आत अंधारात जवळजवळ बुडालाय. भावना आहेच, पण उजेडाचा प्रश्नही तिथेच सुटलाय. विल्यम मॉरिसने ते चित्र १८५६ मध्ये विकत घेतलं.

फोर्ड मॅडॉक्स ब्राउनला असली पळवाट नको होती. ‘द प्रिटी बा-लँब्ज’साठी त्याने १८५१ मध्ये स्टॉकवेलच्या घरामागच्या बागेत, भर उन्हात, बायको एमा आणि तान्ही मुलगी यांना बसवलं. एमा नसेल तेव्हा लाकडी बाहुलीला झगा घालून रोज सकाळी बाहेर न्यायचं, पाऊस आला की आत आणायचं. मेंढ्या क्लॅपहॅम कॉमनवरून रोज गाडीत घालून येत. त्यांतल्या एकीने एका सकाळी बागेतली सगळी फुलं खाऊन टाकली. उन्हाने ब्राउनला दोनदा ताप भरला. मागचा मोकळा देखावा त्याने नंतर ब्लॅकहीथला रंगवला, म्हणजे इथे क्रम उलटा: बाई आधी. परिणाम विचित्र आहे. सावल्या चक्क जांभळ्या-निळ्या, चेहरा उन्हाने तांबारलेला, बाळ दुलईसारखं तापलेलं. त्या काळच्या लोकांना ते कुरूप वाटलं. आजही गोड वाटत नाही, पण ऊन मात्र खरं आहे.

आणि जॉन सिंगर सार्जंट. तो अमेरिकन, पॅरिसमध्ये शिकलेला, पण ‘कार्नेशन, लिली, लिली, रोझ’ इंग्लंडमधल्या ब्रॉडवे गावात, १८८५ आणि ८६ अशा दोन हंगामांत झालं. थेम्सवर होडीतून जाताना पँगबर्नजवळ बागेत टांगलेले कागदी कंदील त्याने पाहिले होते. त्याला हवा होता तो नेमका उजेड: सूर्य बुडालाय, आकाश जांभळट आहे आणि कंदील पेटताहेत. तो रोज जेमतेम दहा मिनिटं टिकतो. चित्रकार फ्रेडरिक बर्नार्डच्या दोन मुली, डॉली ११ वर्षांची आणि पॉली ७ वर्षांची, पांढऱ्या झग्यांत उभ्या. कॅनव्हास आधीच जागेवर मांडून ठेवलेला. उजेड आला की टेनिस सोडून सार्जंट धावे, काही मिनिटं ब्रश चालवी, पुन्हा मागे. ऑक्टोबर, नोव्हेंबर आला. मुलींना झग्याखाली लोकरीचे कपडे घालावे लागले, गुलाब मेले, मग झुडपांना खोटी फुलं बांधली. पुढच्या वर्षासाठी त्याने लिलीचे कंद आधीच कुंड्यांत लावायला पाठवले. चित्र आडवं होतं, ते डावीकडून दोन फूट कापून त्याने जवळजवळ चौरस केलं. कडेकडे बघण्याची वरची युक्ती इथे लावून पाहा: मुलीच्या बाहीवर कंदिलाचा नारिंगी आणि आकाशाचा निळा एकमेकांत शिरलेत, सांधा सापडत नाही. दहा मिनिटांच्या हिशेबाने वर्षभर घालवल्याचा तो मोबदला.

घरातली चित्रं सोपी असावीत असं वाटेल, कारण खोली तर मोसमाने बदलत नाही. पण घरातही बाग घुसते, आणि बहुधा तीच खरं बोलते. हंटच्या ‘द अवेकनिंग कॉन्शन्स’ (१८५३) साठी त्याने सेंट जॉन्स वुडमधली, रखेल ठेवण्याच्या घरांपैकीच एका घरातली खोली घेतली. पियानोशी बसलेल्या पुरुषाच्या मांडीवरून एक तरुण बाई एकदम उठतेय. वस्तू वाचत जा. बोटाबोटांत अंगठ्या, फक्त लग्नाच्या बोटात नाही. टेबलाखाली मांजर पक्ष्याशी खेळतंय. जमिनीवर एक मळका हातमोजा पडलाय. भरतकामाचे धागे विस्कटलेत. रस्किनने बोट ठेवलं ते आणखी वेगळ्या गोष्टीवर: सगळं फर्निचर नवंकोरं, चकचकीत आहे. जिथे पिढ्या राहिल्या त्या घरात काहीतरी झिजलेलं असतंच. इथे सगळं एकदमच विकत आणलंय. आणि बाई जिकडे बघतेय ते आपल्याला दिसत नाही, तिच्या पाठीमागच्या आरशात दिसतं: उन्हाने भरलेली बाग. तिचा चेहरा मात्र आज आहे तो मूळचा नव्हे. मालक टॉमस फेअरबेर्न यांना त्यातली वेदना रोज बघवेना, म्हणून हंटने तो नंतर सौम्य करून दिला.

मिलेच्या ‘मरियाना’त बाग खिडकीबाहेर आहे, कोम यांच्याच बागेतली. काचेवरचं चित्र मर्टन कॉलेजच्या चॅपेलमधून उतरवलेलं. बाई भरतकामावरून उठून, कमरेवर हात ठेवून, पाठ ताणतेय. तासन्‌तास वाकून बसलेल्या बाईची ही हालचाल इतकी खरी आहे की तिच्यापुढे बाकीची उदासी दागिन्यासारखी वाटते. वाळलेली पानं आत उडून भरतकामावर पडलीत. खाली कोपऱ्यात उंदीर आहे. तो खराखुरा धावत आला, चित्रांच्या पुठ्ठ्याच्या फाइलमागे लपला, मिलेने फाइलला लाथ मारली तेव्हा मेला आणि मग मॉडेल झाला, असं मिलेच्या मुलाने लिहिलंय.

लंडनमध्ये राहिलेला फ्रेंच चित्रकार जेम्स टिसो याच्याबद्दल एकच. सेंट जॉन्स वुडमधल्या त्याच्या घरामागे तळं आणि भोवती खांबांची रांग होती. ती त्याच्या चित्रांत इतक्या वेळा येते की तारखा लावायला बागेपेक्षा झगे उपयोगी पडतात. पिवळ्या फितींचा एक पांढरा मलमलीचा झगा तर चित्रामागून चित्रात फिरतो.

या सगळ्या बागांत बाई मॉडेल म्हणून आहे. ब्रश धरणारी बाई कुठे होती? रॉयल अकॅडमीच्या शाळेत बायकांना प्रवेश नव्हता. १८६० मध्ये लॉरा हरफर्ड नुसत्या ‘एल.’ या आद्याक्षराने चित्रं पाठवून आत शिरली, तेव्हा दार किलकिलं झालं. तरी नग्न मॉडेलचा वर्ग बंदच राहिला. पौराणिक, ऐतिहासिक मोठ्या चित्रांसाठी शरीररचना लागते, ती शिकायला नाही मिळाली तर उरतं काय? घर, मूल, फुलं. ‘बायकांना हळवे विषय आवडतात’ असं म्हणणाऱ्यांनी हे आधी मोजावं.

लॉराची भाची हेलन पॅटरसन १८६७ मध्ये त्याच शाळेत गेली. लग्नानंतर ती हेलन अ‍ॅलिंगहॅम, आणि १८८१ पासून सरेतल्या विट्लीजवळ राहून तिने जुनी खेडूत घरं आणि त्यांच्या पुढच्या बागा जलरंगात काढल्या. हॉलीहॉक, लव्हेंडर, फाटकात बाळ घेतलेली बाई, दोरीवर कपडे. १८९० मध्ये ती रॉयल वॉटरकलर सोसायटीची पहिली पूर्ण सभासद स्त्री झाली. तिची घरं बिस्किटांच्या डब्यांवर सगळ्यात जास्त गेली असतील, आणि हात सगळ्यात शिस्तीचा तिचाच. पेटी लहान, पांढरा अपारदर्शक रंग शक्यतो नाही. फुलाचा उजेड कागदाचाच: रंग लावायचा, वाळू द्यायचा, ओल्या स्पंजाने किंवा ब्रशने नेमका ठिपका भिजवून टिपून काढायचा, किंवा धारदार पात्याने कागदाचा वरचा पापुद्रा खरवडायचा आणि तिथे पातळ गुलाबी सोडायचा. पातं जास्त आत गेलं तर कागदाचे तंतू उभे राहतात आणि रंग फुटून पसरतो, टिपकागदासारखा. कागद दमट असेल तर तो नुसताच फाटतो. तिच्या हॉलीहॉकच्या उंच दांड्यांवर तिरकस प्रकाश टाकला तर हे ओरखडे दिसतात.

ती प्रामाणिक होती का? एका बाबतीत नाही, आणि लपवतही नसे. घरमालकांनी जुन्या जाळीदार खिडक्या काढून मोठ्या काचा बसवल्या असतील, तर ती चित्रात जुन्याच बसवी. आतली ओल, गळकं छप्पर आणि गर्दी चित्रात नाही. शेजारच्या इतर जलरंगकारांत आणि तिच्यात आणखी एक फरक काळानेच उघड केला. त्या काळी ढगांचा राखाडी करायला सरसकट नीळ आणि इंडियन रेड मिसळत. बंगाल-बिहारमधून गेलेली ती आपलीच नीळ. ती उजेडाने उडते, तांबडा राहतो आणि पावसाळी ढग गुलाबी होतात. रसेल आणि ॲबनी यांच्या १८८८च्या सरकारी अहवालाने रंगांच्या पट्ट्या उन्हात ठेवून हे दाखवलं, आणि हवा आणि ओलावा काढून घेतलेल्या नळीत बरेचसे रंग जवळजवळ उडत नाहीत, हेही. अ‍ॅलिंगहॅमच्या आकाशात कोबाल्ट असे, म्हणून तिचं आकाश अजून निळं आहे. इतरांच्या चित्राची चौकट कधी उघडलीच, तर माउंटखाली, म्हणजे चित्राभोवतीच्या पुठ्ठ्याखाली, झाकलेल्या बोटभर पट्टीत ढग अजून राखाडी असतात, आणि त्याला लागूनच, काचेखाली, ते संध्याकाळसारखे गुलाबी.